नवी व्हेन्यू आली, इंजिनं मात्र जुनीच: गाडीवेडे नाराज का, आणि घाटंजीतल्या माणसाने नेमकं काय बघावं?

४ नोव्हेंबर २०२५ ला ह्युंदाईने नवी व्हेन्यू बाजारात आणली. किंमत ७ लाख ९० हजारांपासून सुरू, एक्स-शोरूम. महाराष्ट्रासाठी यात एक खास गोष्ट होती. ही गाडी चेन्नईजवळच्या जुन्या कारखान्यात नाही, तर पुण्याजवळ तळेगावात बनते. तोच कारखाना, जिथे जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरमध्ये गाड्या बनवणं थांबवलं होतं. मध्यंतरी चीनची ग्रेट वॉल तो विकत घेणार होती, पण सीमेवरचा तणाव वाढला आणि व्यवहार बारगळला. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला आणि तिथून बाहेर पडलेलं पहिलं मॉडेल म्हणजे ही व्हेन्यू.

पण गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींना कारखान्यात फारसा रस नसतो. त्यांनी आधी चेहरा बघितला, मग बॉनेट उघडलं.

चेहऱ्यावरून दोन तट पडले. जुनी व्हेन्यू जरा गोलसर होती, नवी एकदम चौकोनी आणि उभट झाली आहे. पुढे-मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाईटच्या पट्ट्या. काहींना वाटलं, आता कुठे ही गाडी एसयूव्ही दिसायला लागली. काहींचं म्हणणं, लाईट इतके झालेत की गाडी आहे की लग्नाचा मांडव तेच कळत नाही. आवडीनिवडीचा प्रश्न आहे, सोडून देऊ. आत बसल्यावर मात्र दोन्ही तट गप्प होतात. रुंदी ३० मिलिमीटरने वाढून १८०० झाली, उंची ४८ ने वाढून १६६५ आणि दोन चाकांमधलं अंतर २० ने वाढून २५२०. मागे तिघे बसले की हा फरक खांद्याला कळतो.

लांबी किती वाढली? शून्य. आधीही ३९९५ मिलिमीटर, आताही तेवढीच.

खरी नाराजी बॉनेटखाली आहे. गाडी नवी, पण इंजिनं तीच तीन. १.२ लीटरचं साधं पेट्रोल, ८३ पीएसचं. १ लीटरचं टर्बो पेट्रोल, १२० पीएसचं. आणि १.५ लीटरचं डिझेल, ११६ पीएसचं. मग पिढी बदलली म्हणजे बदललं काय, असा गाडीवेड्यांचा सवाल आहे.

याचं उत्तर त्या न वाढलेल्या लांबीतच आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी गाडी कोणती, याची व्याख्याही तेव्हाच ठरली. लांबी ४ मीटरच्या आत हवी. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला, दर बदलले, पण रेषा तिथेच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बाहेरच्या गाडीवर ४० टक्के.

आता ७ लाखांची गाडी घ्या, कर सोडून. आत बसली तर ८ लाख २६ हजार. रेषा ओलांडली तर ९ लाख ८० हजार. म्हणजे दीड लाखाच्या वर फरक, आणि तोही कारखान्यात एक नट न वाढवता.

म्हणून व्हेन्यूचं डिझेल १४९३ सीसी आहे, छोटं पेट्रोल ११९७ आणि टर्बो ९९८. कंपनीकडे १.५ लीटरचं पेट्रोल इंजिन आहे, क्रेटात ते लागतं. व्हेन्यूत टाकलं की गाडी सरळ ४० टक्क्यांत. मारुतीची ब्रेझा हे याचंच उदाहरण. लांबी ४ मीटरच्या आत, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे तिला १८ चा फायदा मिळत नाही. टाटाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच सिएरा परत आणली, १.५ लीटरचं नवं टर्बो पेट्रोल घेऊन. गाडीवेडे खूश झाले. पण ती ४.३ मीटरची आहे आणि बाजारात आली तेव्हा तिची किंमत ११ लाख ४९ हजारांपासून सुरू होत होती.

तरीही नाराजी पूर्ण चुकीची नाही. नियम १२०० सीसीपर्यंत मोकळीक देतो. महिंद्राने एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये त्याच मर्यादेत राहून १३० पीएसचं १.२ टर्बो दिलं आहे. ह्युंदाईला हे करता आलं असतं. केलं नाही, कारण आहे ते खपतंय. माझ्या मते एवढी तक्रार रास्त आहे.

आता घाटंजीकडे येऊ. तालुक्याचं गाव, कापसाचा पट्टा. मोठ्या दवाखान्याचं, कॉलेजचं, जिल्हा कचेरीचं काम निघालं की यवतमाळ, म्हणजे एका बाजूने चाळीसेक किलोमीटर. नागपूरला जायचं तर पांढरकवड्याहून हैदराबाद महामार्ग धरा नाहीतर यवतमाळवरून निघा. अशा गावात गाडी घेताना पहिला प्रश्न चेहऱ्याचा नसतोच. प्रश्न असतो, "डिझेल घेऊ का पेट्रोल?"

आधी ताकदीचं बोलू. पीएसचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, पण दुपदरी रस्त्यावर कापसाने भरलेल्या ट्रकच्या मागे अडकल्यावर कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. साध्या १.२ पेट्रोलचा टॉर्क ११४ एनएम, आणि तो पूर्ण मिळायला इंजिन ४ हजार आरपीएमच्या आसपास न्यावं लागतं. चौघे बसले, एसी चालू आणि मे महिन्याचं ऊन, की ओव्हरटेकला गिअर उतरवूनही गाडी विचार करते. टर्बोचा टॉर्क १७२ आणि तो १५०० आरपीएमपासूनच मिळतो. डिझेलचा २५० आणि तोही १५०० पासून. रात्री पेशंट घेऊन यवतमाळ गाठायचं असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

मग डिझेलच घ्यावं? थांबा, हिशेब करू.

गाडी आली तेव्हा सर्वांत खालच्या मॉडेलमध्ये पेट्रोल ७ लाख ९० हजार, टर्बो ८ लाख ८० हजार आणि डिझेल ९ लाख ७० हजार अशा किमती होत्या. पेट्रोल-डिझेलमध्ये १ लाख ८० हजारांचा फरक. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. तिथे आणखी साधारण ३९ हजार. म्हणजे डिझेलसाठी सुरुवातीलाच २ लाख १९ हजार जास्त मोजायचे, विमा आणि हप्त्याचं व्याज वेगळं.

वसुली किती दिवसांत? पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू. रोजच्या वापरात पेट्रोल गाडी १४ चं आणि डिझेल १८ चं ॲव्हरेज देते असं धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसात रुपये, डिझेलचा पाच रुपये अकरा पैसे. वाचले २ रुपये ३९ पैसे. या वेगाने २ लाख १९ हजार वसूल व्हायला सुमारे ९२ हजार किलोमीटर लागतात.

घाटंजी-यवतमाळ रोजचं अपडाऊन असेल, महिन्याला २ हजार किलोमीटर, तर जवळपास चार वर्षांत पैसे निघतात. आठवड्याला एक चक्कर आणि गावातली कामं, महिन्याला ५०० किलोमीटर, तर पंधरा वर्षं. तेवढ्यात गाडीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायची वेळ येते! बाकी आकडे तुमच्या पंपाचे, तुमच्या शोरूमचे घाला, हिशेबाची रीत हीच.

कमी फिरणाऱ्यासाठी आणखी एक अडचण. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून काही वेळ एका वेगाने चालावं लागतं. बाजार, शाळा, शेत आणि घर एवढंच चालवलं तर तो चोंदतो, लाईट पेटतो आणि प्रकरण वर्कशॉपपर्यंत जातं. महामार्गावर आठवड्याला एक बरी धाव असेल तर हा त्रास सहसा होत नाही.

गाडीवेडे एका गोष्टीवर मात्र मनापासून खूश आहेत. व्हेन्यूत पहिल्यांदाच डिझेल ऑटोमॅटिक आली. तिच्याच घराण्यातल्या किया सॉनेटला ती २०२० पासून होती, त्यामुळे उशीर झाला हे खरं. पण मारुतीने २०२० मध्ये डिझेल सोडलं, रेनॉ आणि फोक्सवॅगननेही सोडलं. अशा वेळी छोट्या एसयूव्हीत डिझेल आणि ऑटोमॅटिक दोन्ही मिळणं दुर्मिळच. किंमत मोजावी लागते ती ॲव्हरेजमध्ये. कंपनीच्या आकड्यांत मॅन्युअल डिझेल २०.९९ आणि ऑटोमॅटिक १७.९, म्हणजे लीटरमागे तीन किलोमीटर गेले. वरचा हिशेब ऑटोमॅटिकसाठी केला तर वसुली आणखी लांबते.

या ऑटोमॅटिकमध्ये आणि टर्बो पेट्रोलच्या डीसीटीमध्ये गल्लत करू नका. डिझेलच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, तेलातून जोर पोचवणारा, संथ पण सोशिक. डीसीटीत दोन कोरडे क्लच असतात. गिअर झटकन बदलतो म्हणून चालवायची हौस असलेल्यांना तोच आवडतो. पण चढावर किंवा गर्दीत इंचाइंचाने सरकत राहिलं की क्लच तापतात. घाटंजीत तशी कोंडी फार नाही. पण गाडी पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे जाणार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

टर्बो पेट्रोल मॅन्युअल हा मधला पर्याय यात बाजूला पडतो. ९० हजार जास्त, रोड टॅक्स पेट्रोलचाच, डीपीएफची कटकट नाही आणि ओव्हरटेकला दम आहे. महिन्याला पाचशे-सातशे किलोमीटर फिरणाऱ्या घरासाठी मला तोच जास्त पटतो. फक्त शोरूमवाले टेस्ट ड्राईव्हला बहुतेक वेळा टॉप मॉडेल पुढे करतात. तुम्हाला जे इंजिन घ्यायचं आहे तेच मागा, घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि गाडी शहराबाहेर काढून एखादा ट्रक ओव्हरटेक करून बघा.