मुंबई-लंडन : नऊ तासांचा हिशेब

गेल्या पौषांत आमच्या एका पुणेकर स्नेह्यांच्या पत्नीचें पहांटे पांच वाजतां देहावसान झालें. ज्येष्ठ चिरंजीव लंडनला असतात. विमानास नऊ तास लागतात, तेव्हां दुपारीं दोनपर्यंत ते येतील, असा जमलेल्या मंडळींनीं हिशेब केला. दोन टळून गेले आणि कुजबुज सुरू झाली. सायंकाळीं धाकट्या बंधूंनीं अग्नि दिला. ती कुजबुज आम्हांस फार लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईपासून लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांस किंचित् कमी. हें अंतर भिंतीवरील नकाशावर मात्र मोजूं नये. नकाशावरील सरळ रेघ इराकवरून जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणून धरला, तर तो इराणवरून वर चढत कॉकेशस पर्वताकडे जातो, आणि त्याचा मध्य तिब्लिसी शहराजवळ पडतो. घरांतील मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा. पुढें हा दोरा युक्रेनवरून जातो. २०२२ च्या फेब्रुवारींत युद्धामुळें तेथील आकाश बंद झालें आणि विमानांना दक्षिणेकडून वळसा घेणें भाग पडलें. जवळची वाट नेहमींच मोकळी असते असें नाहीं.

ताशीं ९०० किलोमीटर वेगानें गणितांत आठच तास येतात. पण चढण्या-उतरण्यास वेळ लागतो, वळसे पडतात. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जोरकस वारा असतो. तो लंडनहून येतांना पाठीशीं, जातांना समोर. म्हणून येण्यास नऊ तासांच्या आसपास, तर जाण्यास सुमारें दहा.

१९२९ सालीं लंडन-कराची विमानटपाल सुरू झाली तेव्हां सात दिवस लागत, आणि वाटेंत कांहीं टप्पा आगगाडीचा असे! ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालें, तें कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला उतरलें.

आतां त्या दिवसाचा हिशेब. हिंवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या मागें साडेपांच तास असतें. येथें पहांटेचे पांच, तेव्हां तेथें आदल्या रात्रीचे साडेअकरा. रात्रीं विमान नव्हतें. सकाळीं दहाच्या विमानांत जागा मिळाली, आणि त्यासाठीं सातलाच विमानतळावर हजर व्हावें लागलें. तेथील दहा म्हणजे आपल्याकडील दुपारचे साडेतीन. मंडळींच्या हिशेबानें ते दारांत यावयाचे, त्यानंतर दीड तासानें विमान जमिनीवरून उठलें. मध्यरात्रीं साडेबाराला तें मुंबईस उतरलें; पारपत्राची तपासणी आणि सामान यांत तास गेला; पुढें पुण्यापर्यंत मोटार.

पहांटे पांचाला ते दारांत उभे राहिले. बरोबर चोवीस तास झाले होते. वडील जागेच होते. त्यांनीं विलंबाचें कारण विचारलें नाहीं. "आधीं स्नान कर," एवढेंच म्हणाले. अस्थिसंचयनास दोघेही बंधु बरोबर गेले.