नखाएवढं चित्र

एक हात समोर ताठ धरा. मूठ वळा, अंगठा वर करा. आता त्या अंगठ्याच्या नखावर नजर खिळवा आणि ती जराही न हलवता शेजारी उघड्या ठेवलेल्या पुस्तकातला एखादा शब्द वाचून दाखवा बरं! नाही ना जमत? पुस्तक दिसतंय, पान दिसतंय, पण अक्षरांच्या जागी नुसती मुंग्यांची रांग.

घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पडदा असतो. त्याच्या मध्यावर एक चिमुकला खळगा आहे. बारीकसारीक तपशील टिपायचं काम तो खळगा करतो, आणि त्याला एका वेळी जगाचा जेवढा तुकडा लख्ख दिसतो, तो साधारण तुमच्या त्या नखाएवढा! बाकीचं सगळं धूसर. तरी आपल्याला अख्खी खोली स्वच्छ दिसल्यासारखी वाटते, कारण डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात आणि मेंदू ते तुकडे गुपचूप जोडत राहतो.

आता गंमत ऐका. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू करण्याआधी जे छोटं चित्र दिसतं, त्याला म्हणतात थंबनेल. थंब म्हणजे अंगठा आणि नेल म्हणजे नख!

समजा, तुम्ही कढीपत्त्यावरच्या गलेलठ्ठ हिरव्या अळीचा व्हिडिओ काढलात आणि आईच्या चॅनेलवर टाकायचं ठरवलंत. थंबनेलला काय लावाल? अख्ख्या झाडाचा फोटो? मग अळी शोधत बसावं लागेल. हिरव्या पानांत हिरवी होऊन दिसेनासं होणं हीच तर तिची कला. पक्ष्यांना फसवायला ती उत्तम, पण आपल्याला नेमकं उलटं हवंय. यादीवरून भरभर खाली उड्या मारत जाणाऱ्या डोळ्यांची एक तरी उडी आपल्या चित्रावर पडली पाहिजे.

डोळे उडी कुठे मारतात, हे आल्फ्रेड यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने शोधलं. तो माणसांच्या डोळ्यावर इवलासा आरसा लावलेली टोपी चक्क चिकटवायचा! आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या रेघेवरून नजरेची वाट उमटायची. अचानक घरी परतलेल्या माणसाचं एक प्रसिद्ध चित्र त्याने लोकांना दाखवलं. खोलीत टेबल होतं, खुर्च्या होत्या, भिंतीवर तसबिरी होत्या. पण नजर फिरून फिरून चेहऱ्यांवर येई. अहो, नुकतं जन्मलेलं बाळसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराकडे वळून बघतं. म्हणून तर इतक्या थंबनेलवर मोठ्ठे डोळे केलेला चेहरा असतो.

तेव्हा अळीच्या तोंडाजवळ जा, तिच्या त्या दोन टपोऱ्या डोळ्यांजवळ. चौकट तिनेच भरून टाका. मागची पानं सावलीत गेली आणि ऊन फक्त अळीवर पडलं, तर फारच छान. मग चित्रकारांची युक्ती वापरा: डोळे किलकिले करून चित्राकडे बघा. उजेड-अंधाराची दोन-तीन ठसठशीत ठिगळं उरली तर चित्र जमलं. सगळी एकच खिचडी दिसली तर पुन्हा फोटो काढा.

अक्षरांचं मात्र आपल्याला जास्त सांभाळावं लागतं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. वर-खाली जागा सोडली नाही तर दोन ओळी एकमेकींत अडकतात. आणि अनुस्वाराचं टिंब तर बिचारं पहिलं हरवतं. ‘पंख’ लिहावं आणि मोबाइलवर ‘पख’ दिसावं! म्हणून दोन-तीनच शब्द घ्या, जाड लिहा. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा, कारण तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. चित्र बनवायचं १२८० बाय ७२० पिक्सेलचं, पण तपासायचं मोबाइल हातभर लांब धरून.

एक मोह होईल, फोटोतल्या अळीला नागाचं तोंड जोडायचा. नका करू. बघायला आलेला माणूस दहा सेकंदांत हिरमुसून निघून जाईल. आणि खऱ्या अळीत काय कमी आहे? तिला धोका वाटला की ती मानेमागून दोन फाट्यांचं लालभडक शिंग बाहेर काढते, उग्र वास सोडते. हिरव्यावर लाल! डोळा थबकणारच. (ते बघायला तिला टोचायचं मात्र नाही हं.)

आता तुमचा फोटो नीट मोठा करून बघा. अळीचे ते दोन टपोरे डोळे, ज्यांच्यामुळे आपण हे चित्र निवडलं, ते डोळे नाहीतच. पाठीवरचे नुसते ठिपके आहेत. खरं डोकं खाली, पुढच्या टोकाला दडलंय, आणि खरे डोळे टाचणीच्या टोकाएवढे. पक्षी दचकावा म्हणून तिने ते ठिपके पाठीवर वागवलेत.