पनवेलच्या गच्चीत स्ट्रॉबेरी

पनवेलला स्ट्रॉबेरी येते का, असं शेजारणी विचारतात. येते, पण जात पारखून घ्यावी लागते. आपली थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. तेवढ्यात झाडाने फुलून फळायला हवं. म्हणून मी लवकर येणारी ‘स्वीट चार्ली’ किंवा ‘विंटर डॉन’ लावते. दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठाच्या, महाबळेश्वरच्या शेतकऱ्यांनी आपल्याशा केलेल्या. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; पण ते गाव साडेचार हजार फुटांवर, आपण खाडीकाठी.

ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरला की रोपं लावावीत. एक गोष्ट जिवापाड सांभाळा: पानं फुटतात तो गड्डा मातीच्या बरोबरीने हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नको. आडवे पळणारे धुमारे मी कापते, नाहीतर झाडाचा सगळा जोर तिकडे जातो. फळाखाली भाताचा पेंढा पसरते. रायगडात त्याला काय तोटा! देठापर्यंत लाल झाल्यावरच तोडा, कारण तोडलेली स्ट्रॉबेरी आणखी गोड होत नाही.

मार्चच्या उन्हात झाड थकतं. यंदा दिवाळीनंतर दोन कुंड्या तरी लावून बघाच.