पायऱ्या मोजून निघालो : बाबा, व्हीलचेअर आणि ताडोबा

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा घ्या, वाचून काढा. माझं 'अं... म्हणजे...' कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मी ढाणकीचा, तालुका उमरखेड. कामाला पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला, डावा हात-पाय कमजोर झाला. आता आधाराने दहा-बारा पावलं चालतात, पुढे व्हीलचेअर. पैनगंगा अभयारण्य आमच्या शेजारी. बिटरगावच्या रस्त्याने आयुष्यभर फिरलेला हा माणूस, पण दोन वर्षं अंगणाबाहेर पडला नव्हता. मी म्हटलं, ताडोबाला जाऊ. तर म्हणाले, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. आता कायले?"

यावर काय बोलणार? पण आईने खरं कारण सांगितलं. भीती उचलण्याची नव्हतीच, बाथरूमची होती. परक्या ठिकाणी वेळेवर जाता आलं नाही तर? म्हणून मी नकाशा बाजूला ठेवला आणि प्लॅनिंग बाथरूमपासून सुरू केलं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर तुम्हीही तिथूनच करा.

आधी मेजरिंग टेप घेऊन घरची व्हीलचेअर मोजा. आमची 25 इंच निघाली. आपल्याकडे बाथरूमचे दरवाजे बऱ्याचदा 24 इंचांचे असतात. एका इंचासाठी अख्खी ट्रिप अडते! फोनवर "व्हीलचेअर चालते का?" विचारू नका, सगळे "हो सर, चालते" म्हणतात. मी एका ठिकाणी असाच विश्वास ठेवून आधी एकटा बघायला गेलो, तर खोलीच्या दारातच तीन पायऱ्या. तेव्हापासून मी फोटो मागतो: दरवाजाला टेप लावलेला, कमोडचा आणि गाडी थांबते तिथून खोलीपर्यंतच्या वाटेचा. रॅम्प असेल तर उंची आणि लांबी दोन्ही विचारा. हिशेब 1:12 चा, म्हणजे 6 इंच उंचीला 6 फूट लांब उतार. त्याहून खडा असला तर तो नुसता दाखवण्यापुरता. गुगल मॅप्समध्ये 'ॲक्सेसिबल प्लेसेस' सेटिंग आहे, ते चालू करा. पण खेड्यापाड्यात ती माहिती कुणी भरलेलीच नसते.

सोबत फोल्डिंग कमोड चेअर आणि युरिन पॉट घेतला. बाबांना हे दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला विचारलं, "माही टोपी कुठी आहे?"

रस्ता असा : उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ हा 361 नंबरचा हायवे, मग पांढरकवडा. तिथे मुक्काम केला, कारण एका दमात चंद्रपूर गाठणं बाबांना झेपलं नसतं. दर दीड तासाला गाडी थांबवायची, पाय सरळ करायचे, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचाराच.

पांढरकवड्याजवळच टिपेश्वर अभयारण्य. हे नॅशनल पार्क नाही, पण पहिल्या सफारीचा सराव करायला छोटं जंगल बरं. 2019 मध्ये इथलाच कॉलर लावलेला एक वाघ चालत चालत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. भटकंती सुमारे 3000 किलोमीटरची! बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "त्याले बाथरूम शोधावं लागत नाही ना."

आता मुख्य अडचण, जिप्सीत चढणं. पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. आम्ही घरातला चौरंग सोबत नेला आणि आठ दिवस ओट्यावर सराव केला. फिजिओथेरपिस्टचा नियम पाठ करा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. कँटर अजून उंच असतो, तो टाळा. परवडत असेल तर पूर्ण जिप्सी बुक करा. मागून कुणी "लवकर करा" म्हणत नाही, ही शांतता पैशांत मोजता येत नाही. जंगलात खाली उतरता येत नाही आणि सफारी साधारण चार तासांची, म्हणून युरिन पॉट लागतोच. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, खड्ड्यात हळू.

आमची एक चूक सांगतो. फेब्रुवारीच्या पहाटेची उघडी जिप्सी, कडाक्याची थंडी, म्हणून मी बाबांच्या डाव्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावायला निघालो. आईने हात धरला. त्या पायाला चटका समजतच नाही! कातडी भाजली तरी कळणार नाही. ब्लँकेट घ्या, पिशवी नको.

मग करंजी, मारेगाव, वणी, घुग्घुस करत चंद्रपूर. या पट्ट्यात कोळशाचे ट्रक फार, मी तरी इथे रात्री गाडी चालवणार नाही. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर पावसाळ्यातही बंद. उन्हाळ्यात वाघ जास्त दिसतो हे खरं, पण चंद्रपूरचं ऊन अशा पेशंटला नको. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र ओरिजिनल न्या. आणि हो, कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, तेव्हा रील विसरा.

मोहर्लीहून आत जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतात, गोंड राजांच्या काळातले सांगतात. बाबा ते मोजत होते. वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांची टोळी दिसली, सात की आठ, यावर आमचं अजून भांडण आहे. चार तासांत युरिन पॉट एकदाच लागला. गाइडने न सांगताच तोंड फिरवलं आणि दुर्बिणीतून भलतीकडे बघत बसला.

घरी आल्यावर बाबांनी सहस्रकुंड धबधब्याचं काढलं. ते तर आमच्या जवळच. येत्या रविवारी मी टेप घेऊन तिथे जातोय. पायऱ्या मोजून फोटो टाकतो.