आजींचा आवाज टिकवायचा, तर आधी शिट्टी ओळखा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यातच होता. त्या दिवशी आईबापांचे बोट धरून आलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी आम्ही काही कार्यकर्ते लॅपटॉपवर रेकॉर्ड करत आहोत. मूल तालुक्यातील एका आजींची दीड तासाची मुलाखत घरी येऊन ऐकली, तर मागे सतत बारीक शिट्टी. पुन्हा गेलो तेव्हा आजी बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. ही चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

शिट्टी कुठून येते?

माइक जोडण्यासाठी आपण बोटाएवढे यूएसबी साउंड कार्ड घेतो. त्यातील चिप माइकचा अगदी क्षीण सिग्नल वाढवते, आकड्यांत बदलते आणि लॅपटॉपला पाठवते. तिला लागणारी ५ व्होल्ट वीजही त्याच यूएसबीतून मिळते. अशा साध्या चिप लॅपटॉपशी दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला १,००० वेळा देवाणघेवाण करतात. त्या ठोक्यावर वीज किंचित कमीजास्त होते. स्वस्त कार्डात ती नीट गाळलेली नसली, की तोच ठोका आवाजात शिरतो : १,००० हर्ट्झची शिट्टी, सोबत २,००० आणि ३,००० हर्ट्झचे सूर. माणसाचे बोलणे स्पष्ट कळते तेही याच पट्ट्यात.

दुसरा दोष 'ऑटो गेन'चा. बोलणारा थांबला की माइकची पातळी आपोआप वाढते. आजी गहिवरून थांबतात आणि त्या शांततेत पंख्याची घरघर वर येते.

तिसरी ५० हर्ट्झची गुणगुण. ती बहुधा घरातील विजेची, चार्जरवाटे आलेली असते.

काय करावे?

१. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा.
२. कार्ड थेट लॅपटॉपला लावा, हब टाळा. पेनड्राइव्ह, माउस काढून ठेवा.
३. माइकच्या सेटिंगमध्ये एजीसी असेल तर बंद करा.
४. माइक तोंडापासून वीतभर ठेवा, म्हणजे सिग्नल फार वाढवावा लागत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.
५. आधी एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. शिट्टी असेल तर दुसरा पोर्ट, नाहीतर दुसरे कार्ड वापरून पाहा.
६. शेजारी मोबाइल विमान मोडवर ठेवून दुसरे रेकॉर्डिंग घ्या.

नंतर ऑडासिटी या मोफत सॉफ्टवेअरमधील नॉच फिल्टरने ठरावीक शिट्टी बरीच कमी होते. पण 'नॉइज रिडक्शन' जास्त लावले की 'स', 'श', 'ह' बोथट होतात. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका.

आजींच्या मुलाखतीवर आम्ही हे सगळे करून पाहिले. शब्द आता कळतात. पण मध्येच त्यांनी गायलेल्या गाण्यात त्यांचा गळा तसा राहिला नाही.