छातीतली शिट्टी, संशोधनाची कमाल: दम्याच्या नऊ नवलकथा

कार्ल्याच्या एकवीरा आईच्या पायऱ्या चढताना कुणालाही धाप लागते आणि दोन मिनिटं टेकलं की ती उतरतेही. दमेकऱ्याची धाप अशी सहज उतरत नाही. भारतात सुमारे ३.४ कोटी लोकांना दमा आहे. बहुतेकांचा दमा नेहमीच्या औषधांनी आटोक्यात राहतो, पण काहींचा भरपूर औषधं घेऊनही हटत नाही. अशा तीव्र दम्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे संशोधन झालं, ते खरोखर आशा वाढवणारं आहे. चला, कार्ल्याहून निघू आणि जगभर फिरून येऊ.

१. ढगांची खोडी चरकांनाही ठाऊक
चरकसंहितेत श्वासाच्या विकाराचे पाच प्रकार आहेत. त्यातला ‘तमक श्वास’ थेट आजच्या दम्याशी जुळतो. आडवं पडलं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं. ढग, पाऊस आणि गार वारा आला की दुखणं उसळतं. मावळातल्या आषाढ-श्रावणाचं वर्णन वाचतोय असंच वाटतं!

२. लोणावळ्यातली श्वासाची प्रयोगशाळा
कार्ल्याहून दहा-बारा किलोमीटरवर लोणावळ्यात कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे शास्त्रीय नियतकालिकही काढलं. योगाचे परिणाम यंत्रांनी मोजायचे, हा त्यांचा आग्रह. याच नियतकालिकात १९६७ साली डॉ. एम. व्ही. भोळे यांनी दम्यावरच्या यौगिक उपचारांचा अहवाल मांडला. पुढे २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १,०४८ रुग्णांवरचे १५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा: योगामुळे लक्षणं आणि रोजचं जगणं थोडं सुधारतं. म्हणजे योग ही औषधाला चांगली जोड आहे. औषध बंद करायचा परवाना नव्हे.

३. धोतऱ्याचा लंडनपर्यंत प्रवास
धोतऱ्याचा धूर ओढून दमा शमवण्याची भारतातली रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये पोचली. मग तिथे दम्याच्या सिगारेटीच विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनच्या कुळातूनच पुढे टायोट्रोपियम हे सुरक्षित औषध तयार झालं आणि आज ते तीव्र दम्यातही वापरतात. धोतरा मात्र विषारी आहे, त्याचा प्रयोग घरी कधीही करू नका.

४. लेकीचा प्रश्न, पंपाचा जन्म
अमेरिकेत १९५५ साली दमा असलेल्या तेरा वर्षांच्या सूझीने वडिलांना विचारलं, ‘केसांचा स्प्रे डब्यातून येतो, मग माझं औषध का नाही?’ वडील जॉर्ज मेसन औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी माणसं कामाला लावली आणि १९५६ मध्ये औषध ओढायचा पहिला पंप (इनहेलर) बाजारात आला.

५. स्वतःच्या छातीवर प्रयोग
ब्रिटनमधले डॉ. रॉजर अल्टुन्यान स्वतः दमेकरी. मुद्दाम स्वतःला ॲलर्जीचा झटका आणायचा आणि नवं रसायन ओढून पाहायचं, असं त्यांनी शेकडो वेळा केलं. त्यातून १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट हाती लागलं. ते वैमानिकही होते. औषधाची पूड फुप्फुसात उडवणारं त्यांचं यंत्र विमानाच्या पंख्यासारखं फिरायचं.

६. नापास औषध पास झालं
रक्तातल्या इओसिनोफिल या पेशी पॉल एर्लिख यांनी १८७९ साली ओळखल्या. रंग दिला की त्या गुलाबी दिसतात. अनेकांच्या तीव्र दम्यात याच पेशी श्वासनलिका सुजवतात. त्यांना रोखणारं मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन सुरुवातीच्या चाचण्यांत सरसकट रुग्णांना दिलं आणि ते चक्क नापास झालं. मग ब्रिटनमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संशोधकांनी फक्त इओसिनोफिल वाढलेले रुग्ण निवडले. २००९ मध्ये निकाल आला: झटके बरेच कमी झाले! २०१४ च्या चाचणीत स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोसही साधारण निम्म्यावर आला. औषध तेच होतं, रुग्ण नेमके निवडले गेले.
ताजी भर २०२४ मधली. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) यांच्या रुग्णांना झटक्याच्या वेळीच बेनरालिझुमॅब हे असंच इंजेक्शन देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत ९० दिवसांत ७४ टक्के रुग्णांचा उपचार फसला. इंजेक्शन घेणाऱ्यांत ४५ टक्के.

७. भातखाचर आणि रक्ततपासणी
इओसिनोफिल कळायला साधी रक्ततपासणी पुरते. पण मावळ हा इंद्रायणी भाताचा मुलूख. अनवाणी चिखलात राबताना काही जंत तळपायातून शरीरात शिरू शकतात आणि जंतांमुळेही इओसिनोफिल वाढतात. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी जंतांचा बंदोबस्त करावा लागतो.

८. घरातले छुपे शत्रू
पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर बुरशी धरते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची ॲलर्जी जडली की साधा दमाही हट्टी होतो. तपासणीत ती सापडली तर त्यावर वेगळा उपचार असतो. दुसरा शत्रू मच्छर कॉइल. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. त्यापेक्षा मच्छरदाणी किती तरी बरी.

९. शंभरात फक्त चार
नेदरलँड्समधल्या अभ्यासानुसार खरा तीव्र दमा शंभर दमेकऱ्यांत जेमतेम चौघांना असतो. त्याहून कितीतरी जास्त जणांचा दमा हटत नाही तो पंप चुकीचा ओढल्यामुळे, मध्येच सोडल्यामुळे किंवा घरातल्या धुरामुळे. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज तर जिवावर बेततो. पंपातल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. वारंवार गोळ्या घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदूही होतो.

नवी इंजेक्शनं भारतात मिळतात, पण ती महाग आहेत आणि प्रत्येकाला लागतही नाहीत. पंप नीट ओढणं मात्र प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना आपला पंप सोबत न्या, डॉक्टरांसमोर ओढून दाखवा आणि वर्षातून दोन किंवा त्याहून जास्त वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या लागत असतील, तर छातीच्या तज्ज्ञांना नक्की भेटा.