रॅमच्या खाचेची पंचवीस वर्षं

बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा ठरला की पैसे वाचवू पाहणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "रॅम जुनीच चालेल ना?" गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा बदललं.

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ प्रोसेसर आला तो रॅम्बस कंपनीची महागडी रॅम मागत. तिच्या पट्ट्या जोडीनेच लावायच्या. उरलेल्या स्लॉटमध्येही चिप नसलेली कोरी पट्टी खोचायची, नाहीतर जोडणीच पुरी होत नसे. पुढच्याच वर्षी इंटेलने ८४५ चिपसेट आणून साधी एसडीरॅम चालवून घेतली आणि ग्राहकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग डीडीआर रॅमच्या पिढ्या सुरू झाल्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, पण एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. घोटाळा होऊ नये म्हणून पट्टीच्या कडेची खाच जराशी सरकवलेली. चुकीची पट्टी कितीही दाबा, बसत नाही. २८८ पिनांच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ मध्येही हीच युक्ती.

या खाचेवर विसंबायची सवय लागली आणि २०१५ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरने चकवलं. त्याच्या काही बोर्डांवर डीडीआर३चे स्लॉट होते, पण इंटेलची मान्यता फक्त १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एलला. दोन्हींची खाच एकच! जुनी १.५ व्होल्टची पट्टी बिनतक्रार आत जायची. इथे लेबल वाचणं हाच उपाय होता.

२०१७ मध्ये रायझेन प्रोसेसर आला. डीडीआर४ बसायची, मशीन सुरूही व्हायचं, पण पाकिटावर छापलेला वेग अनेकांना मिळेना. बायोसचे अपडेट येत गेले तसा प्रश्न निवळला. रायझेनच्याच २०२२च्या एएम५ सॉकेटने जुन्या रॅमचा विषयच संपवला: फक्त डीडीआर५. तिथेही रायझेन ७०००ला दोन पट्ट्यांवर ५२००चा अधिकृत वेग, चार लावल्या की ३६००. शिवाय पहिल्यांदा चालू करताना रॅम जुळवून घेण्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहायची, आणि बिचारी रॅम खराब ठरायची.

खाच जुळली म्हणजे पट्टी बसेल, एवढंच कळतं. ती नीट चालेल का, हे बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत पाहावं, आणि तेही पैसे मोजण्याआधी.